गुरुवार वगळून

बुधवारी संध्याकाळी पावणेसातला तो मेल आला आणि तो वाचून मी चक्क हसले. आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

आमचा शोधनिबंध दोन परीक्षकांकडे गेला होता. पहिल्याने तो आधीच पास केला होता. दुसरा कुणी परदेशी असावा. नावं कळवत नाहीत. त्याने सगळं मान्य करून शेवटी एकच प्रश्न विचारला होता. तुमच्या नोंदींत दर सातवा दिवस गायब आहे. तो रविवार नाही. मग तो कोणता वार आहे, आणि तो तुम्ही का वगळता?

"अहो, ऐकलंत का," मी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले. "या बाबाला गुरुवार माहीत नाही!"

आमचे हे, म्हणजे प्रभाकर, भोसरीच्या कंपनीतून रिटायर झालेत. चौतीस वर्षं त्यांची सुट्टी गुरुवारी. भोसरी घ्या, चाकण घ्या, आमच्या पट्ट्यातल्या कंपन्या रविवारी धडधडत असतात आणि गुरुवारी सगळीकडे शुकशुकाट. त्याच दिवशी दुरुस्तीसाठी वीजही जाते. केस कापायचे, गहू दळून आणायचे, मुलगी बघायला जायचं, सगळं गुरुवारी. आमचं लग्नसुद्धा गुरुवारी लागलं, कारण एरवी निम्मं वऱ्हाड शिफ्टला असतं. कामाच्या हिशेबात गुरुवार हा आमच्याकडे दिवसच नाही.

मी मृदुला. नाव ठेवणाऱ्यांनी जरा घाई केली, असं माझे विद्यार्थी माझ्या पाठीमागे म्हणतात, आणि ते खोटं नाही. ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना फिजिक्स शिकवते. ती मुलं माझा तास म्हणजे प्लेसमेंटपर्यंत पोचायच्या वाटेवरचा टोलनाका समजतात. माझं खरं काम कागदावरचं आणि घरातल्या जेवणाच्या टेबलावरचं. डार्क मॅटर. आकाशगंगा ज्या वेगाने फिरते, तो वेग तिच्यातल्या ताऱ्यांच्या वजनात बसत नाही. न दिसणारं काहीतरी आहे, आणि ते दिसणाऱ्याच्या कितीतरी पट आहे. ते तुमच्या-माझ्या अंगातून आरपार जातं, पण कशालाच शिवत नाही. वीस वर्षांपूर्वी मी मांडलं की ते कण इतके हलके असतील की त्यांची एक लाटच होईल, आणि ती लाट एका ठरलेल्या सुरात थरथरत राहील. तांब्याच्या बंद पेटीत, तारेचं योग्य वेटोळं ठेवलं, तर तो सूर पकडता येईल. सूर साधारण कुठल्या पट्टीत सापडेल, तेही मी लिहिलं होतं. सतरा वर्षं त्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

मग तीन वर्षांपूर्वी वर्षाली आली. केज तालुक्यातलं कुटुंब, वडील नवनाथ चाकणला फोर्जिंगच्या, म्हणजे लोखंड तापवून ठोकायच्या कंपनीत विजेच्या भट्टीवर. पोरगी हाताने कामसू आणि डोक्याने तल्लख. माझा कागद तिने पितळेच्या स्क्रूपर्यंत आणला. कॉलेजने जागा दिली नाही. तिच्या वडिलांनी दिली. म्हणजे त्यांच्या कंपनीच्या भिंतीला लागून एक बंद पडलेलं गोडाऊन आहे, त्याचा वॉचमन धोंडीबा त्यांच्या ओळखीचा. त्याने मालकाला विचारलं. त्या गोडाऊनखाली पाण्याची कोरडी टाकी होती, चांगली बारा फूट खोल. तिथे आम्ही पेटी बसवली, आणि सात महिन्यांनी पडद्यावर रेघ उभी राहिली.

रेघ कशी, तर पडद्यावर आधी नुसतं गवत दिसतं, बारीक, खालीवर होणारं. त्या गवतात एक काडी सरळ उभी. माझ्या वीस वर्षांपूर्वीच्या पट्टीत, अगदी मधोमध.

पुढचं तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. कॉलेजने गेटवर माझा फ्लेक्स लावला, त्यात मला न विचारता मला पैठणी नेसवली. बंगळूरहून व्याख्यानाचं बोलावणं आलं. वर्षालीला जर्मनीतल्या संस्थेने जागा देऊ केली. अट एवढीच की निबंध छापून यायला हवा. आणि आता मध्ये उरला होता हा एक प्रश्न, शाळेतल्या पोराने विचारावा तसा.

मी हसतहसत उत्तर टाइप करायला घेतलं. 'आमच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी वीजपुरवठा बंद असतो व यंत्र बॅटरीवर चालते, म्हणून खबरदारी म्हणून त्या नोंदी वगळल्या आहेत. त्या दिवशी सर्व कारखाने बंद असतात.'

"बरोबर लिहिलंय का बघा," मी म्हटलं.

प्रभाकर हात पुसत आले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचलं. "बरोबर आहे की. गुरुवारी तिकडे एक पंखासुद्धा फिरत नाही," म्हणाले आणि पोळ्यांकडे परत गेले.

मी शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. त्या दिवशी सर्व कारखाने बंद असतात.

माझे हात गार पडले. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही, खरंच गार पडले. निबंधाच्या अकराव्या पानावर मी काय लिहिलं होतं, ते मला तोंडपाठ होतं. 'ही रेघ रविवारीही तितकीच ठळक राहते. त्यामुळे तिचा उगम मानवी उद्योगांत असण्याची शक्यता उरत नाही.' परदेशात कारखाने रविवारी बंद, म्हणून तिथल्या प्रत्येक निबंधात अशी रविवारची कसोटी असते. मी ती तशीच उचलली. चिंचवडमध्ये तीस वर्षं राहून, गुरुवारी सुट्टी घेणाऱ्या माणसाशी संसार करून, मी रविवारची कसोटी लावली. आणि ज्या एका दिवशी आमच्याकडे कसोटी लागते, तो दिवस पहिल्याच आठवड्यात माझ्याच तोंडाने फेकून द्यायला सांगितला होता. "गुरुवार सोड गं, गुरुवारी लाइट नसते." एवढंच म्हटलं होतं मी वर्षालीला. तीही इथलीच. तिला त्यात काही खटकलं नाही.

गुरुवारच्या नोंदी नाहीशा झालेल्या नव्हत्या. यंत्र बॅटरीवर चालूच असे, लाइट आली की त्या दिवसाची नोंद थांबे; फक्त त्या दिवसाच्या फाइली माझ्याकडे येत नसत, तिथल्याच कॉम्प्युटरवर पडून राहत. दोन वर्षांचे गुरुवार त्या टाकीत पडून होते आणि ते कुणी उघडले नव्हते.

"उत्तर पाठवलंस?" जेवताना यांनी विचारलं.

"पाठवते."

"एवढी पांढरी का पडलीस?"

मी सांगितलं. यांनी शांतपणे ऐकून घेतलं, ताकाचा भुरका मारला आणि म्हणाले, "मग जाऊन बघ की. उद्या गुरुवारच आहे."

इतका राग आला मला. जाऊन बघ की! जसं काही गॅस बंद केलाय का तेच बघायचंय. मी त्यांना नको ते बोलले आणि पान तसंच ठेवून उठले. कारण खरं सांगायचं तर मला बघायचं नव्हतं. ते उत्तर तसंच पाठवलं असतं तर चाललं असतं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. त्या परदेशी माणसाचं समाधान झालं असतं, निबंध छापला असता, पोरगी जर्मनीला गेली असती. मला फक्त एक बटण दाबायचं होतं, आणि ते मी दाबेन याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

गुरुवारी दुपारी बाराला मी स्कूटर काढली. मोशीवरून चाकणला जाताना एरवी ट्रेलरच्या चाकांमधून जीव मुठीत धरून जावं लागतं. त्या दिवशी रस्ता मोकळा. तळेगाव चौकातसुद्धा थांबावं लागलं नाही. कंपन्यांच्या बसेस नाहीत, गेटवर चहाच्या टपऱ्या बंद, चिमण्यांतून धूर नाही. इतकी वर्षं ही शांतता मला सुट्टीची वाटत आली होती. आता वाटलं, सगळा पट्टा श्वास रोखून माझ्याकडे बघतोय.

गोडाऊनच्या फाटकाशी धोंडीबा खाटेवर बसून बिडी ओढत होता. इथलाच, जुना गाववाला. त्याच्याच जमिनीवर आता शेजारची कंपनी उभी आहे. मला बघून बिडी मागे लपवली.

"मॅडम, तुमी बी आज?"

"मी बी म्हणजे?"

त्याची जीभ चावली गेली ते मला दिसलं. "न्हाई, म्हंजी... तुमची पोर येती ना दर बेस्तरवारी."

"कोण, वर्षाली? गुरुवारी?"

"व्हय. दिवाळीपासनं येतीया. दिवसभर खाली बसती अंधारात. मला म्हनली, आजोबा, मॅडमला सांगू नका. आता तुमी इचारलंच तर खोटं कशापायी बोलू?" मग हळूच, "आता बी खालीच हाय."

मी त्या टाकीच्या तोंडाशी उभी राहिले. लोखंडी शिडी खाली काळोखात जात होती. दिवाळीपासून म्हणजे तीन महिने. मला चोरून. ज्या दिवसाच्या नोंदी आम्ही बघत नाही, नेमक्या त्याच दिवशी. माझ्या मनात जे आलं ते लिहायची लाज वाटते, पण आलं खरं. ही पोरगी रेघ तयार तर करत नाही ना? जर्मनीसाठी? पेटीशी काही जोडून ठेवते आणि गुरुवारी येऊन नीट करून जाते? असं असेल तर माझं उरलेलं आयुष्यसुद्धा गेलं. चूक माणसाला माफ होते, लबाडीला कुणी माफ करत नाही. त्या फ्लेक्सवर लोक चिखल फेकतील, आणि बरोबरच करतील.

गुडघे दुखत होते तरी मी शिडी उतरले. प्रत्येक पायरीला लोखंड करकरत होतं. खाली सिमेंटचा दमट वास, आणि कोपऱ्यात लॅपटॉपच्या उजेडात वर्षालीचा चेहरा. ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. माझे पाय दिसले तशी ती ताडकन उठली आणि भिंतीला पाठ टेकली.

"मॅडम."

"काय करतेस तू इथे?"

मी तिला बाजूला सारलं आणि पडद्याकडे पाहिलं. गवत होतं. बारीक, खालीवर होणारं. काडी नव्हती.

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. माझ्या पट्टीत, मधोमध, जिथे दोन वर्षं ती उभी होती, तिथे काही नव्हतं.

"मागचे उघड," मी म्हटलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही.

तिने उघडले. मागचा गुरुवार, त्याच्या मागचा, दसऱ्याचा, गेल्या उन्हाळ्यातला. एकामागून एक सपाट. मधले बुधवार आणि शुक्रवार लावले की काडी पुन्हा ताठ उभी. मी एक प्लास्टिकचं स्टूल ओढून बसले.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"दिवाळीनंतरच्या दुसऱ्या गुरुवारपासून. बाबा घरी बोलता बोलता म्हणाले, भट्टी बेस्तरवारी थंड असते. तेव्हा मनात आलं, विजेची भट्टीही एकाच सुरात चालते."

"मग इतके गुरुवार इथे येऊन काय करत होतीस?"

"बघत होते," ती म्हणाली. "एकदा तरी दिसेल म्हणून. अकरा झाले, मॅडम. आज बारावा."

संशयाचं भूत उतरलं, पण हायसं वाटायला मागे काहीच उरलं नव्हतं. तेवढ्यात मला एक धागा दिसला आणि मी तो घट्ट धरला. बुडणाऱ्याला काडीचा आधार म्हणतात; मी तर काडीच शोधत होते.

"थांब. गुरुवारी आपण बॅटरीवर असतो," मी म्हटलं. "बॅटरीवर आपलं यंत्रच बहिरं होत असेल तर? अ‍ॅम्प्लिफायर मंद पडत असेल. रेघ असेल, आपल्यालाच ऐकू येत नसेल. लाइट कधी येते?"

"चारला."

"आणि तुझ्या बाबांची भट्टी?"

"रात्रीच्या शिफ्टसाठी पाचच्या पुढे लावतात. तेच येतात लावायला."

म्हणजे मध्ये एक तास होता. त्या तासात वीज असेल आणि भट्टी नसेल. त्या एका तासात रेघ उभी राहिली तर ती आपली, आकाशातली. नाही राहिली तर नाही. इतका स्वच्छ प्रयोग मी आयुष्यात कधी आखला नव्हता, आणि तो मला नको होता.

आम्ही चारची वाट बघत बसलो. अंधार, पेटीतल्या पंख्याची घरघर, वरून मधूनच धोंडीबाचा खोकला. मी बोलायचं म्हणून विचारलं, "मला का नाही सांगितलंस? तीन महिने?"

ती नखाने सिमेंट खरवडत राहिली. मग म्हणाली, "निमिषने सांगितलं होतं."

निमिष. मी त्याला विसरलेच होते. आमच्यात एक मुलगा होता, उंच, जरा आगाऊ. रेघ पहिल्यांदा दिसली त्या आठवड्यात त्याने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "मॅडम, ही शेजारच्या कंपनीची नसेल कशावरून?" मी त्याला म्हटलं होतं, "रविवारीसुद्धा असते रेघ, अकलेच्या कांद्या. आणि तुला शेजारच्या कंपनीचं इतकं प्रेम असेल तर तिथेच अर्ज कर." पोरं हसली. दुसऱ्या दिवशी मी त्याचं नाव यादीतून काढलं. ती रविवारची कसोटी मी त्याला गप्प बसवायला केली होती, हेही मला आत्ताच आठवलं. तो किस्सा मी नंतर कितीतरी वेळा स्टाफरूममध्ये रंगवून सांगितला होता, आणि वर्षाली तेव्हा शेजारी चहा घेऊन उभी असे.

"तुला वाटलं, तुलाही काढीन?"

"नाही," ती म्हणाली, मग म्हणाली, "हो. आणि मॅडम, तुम्ही इतक्या आनंदात होता. तुम्हाला इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं. मला रोज सकाळी वाटायचं आज सांगू, आणि तुम्ही समोर आलात की माझ्या तोंडाला कोरड पडायची."

मी तिच्यावरची नजर काढून घड्याळाकडे पाहिलं.

चार वाजून तीन मिनिटांनी टाकीतली ट्यूब फडफडली आणि लागली. आम्ही दोघींनी एकदम पडद्याकडे पाहिलं. त्यावरचं चित्र दर पाच मिनिटांनी नवं होतं. पाच मिनिटं गेली. गवत. दहा. गवत. मी मनातल्या मनात काय काय बोलले असेन. देवाला मानत नाही मी, पण त्या दिवशी गुरुवार होता म्हणून दत्तगुरूंनाही हाक मारली. साडेचारला एक टोक जरा वर आलं. मी वर्षालीचा दंड इतका आवळला की ती कळवळली. पुढच्या चित्रात ते टोक विरून गेलं. पावणेपाच झाले, मग पाच. यंत्र पुऱ्या विजेवर, कान टवकारून ऐकत होतं, आणि ऐकायला काहीही नव्हतं.

"अजून थोडं थांबू," मी म्हटलं.

"हो मॅडम," ती म्हणाली. लहान मुलाला म्हणावं तसं.

पाच वाजून वीस मिनिटांनी रेघ आली. आधी गवताच्या वर जेमतेम एक अंकुर, पुढच्या चित्रात बोटभर, त्याच्या पुढच्या चित्रात ताठ. तीच. दोन वर्षं जिच्याकडे बघत मी सकाळचा चहा प्यायले, ती. इतकी सुंदर दिसत होती अजूनही.

वर्षालीने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"बाबा, भट्टी लावली का?"

"हां, आत्ताच लावली की. दहा-पंधरा मिन्टं झाली असतील." मागे कुठेतरी पंखा घोंगावत होता. "तू काहून विचारायलीस? आन् तुला तिथं टाकीत बसून कळालं कसं गं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण त्यात रडू कमी आणि धास्ती जास्त होती. मी फोन घेतला.

"नवनाथराव, मृदुला बोलतेय."

"मॅडम! नमस्कार, नमस्कार. तुमी बी हाव का तिथं? आज सुट्टीच्या दिवशी पोरीला कामाला लावलं म्हणा की."

"नवनाथराव, एक काम होतं. भट्टी दहा मिनिटं बंद करता येईल?"

"आता लावली अन् आता बंद? सायेब कावतेत, मॅडम. गरम व्हायलीय ती." मग आवाज बदलला. "पोरीच्या कामाचं हाय का?"

मी वर्षालीकडे पाहिलं. तिने मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, मला कळलं नाही.

"हो," मी म्हटलं. "तिच्याच कामाचं आहे."

"मग करतो की. सायबाला सांगतो फ्यूज गेलता. लेकरासाठी एवढं बी नाही करायचं व्हय?"

खटका पडल्याचा आवाज फोनमधून आला. आम्ही पडद्याकडे बघत राहिलो. पहिल्या चित्रात काडी निम्मी झाली. दुसऱ्यात ती नव्हती. नुसतं गवत, भिंतीपासून भिंतीपर्यंत.

वर्षालीच्या घशातून एक बारीक आवाज आला. मला वाटलं तिला जवळ घ्यावं. मी हात उचलला, तशी तिने डोळे मिटून मान बाजूला घेतली, मार चुकवायला घेतात तशी. माझा हात तसाच हवेत राहिला. दिवसभर मी त्या रेघेला घाबरले, परीक्षकाला घाबरले, फ्लेक्सला घाबरले. आणि ही पोरगी तीन वर्षं, रोज, मला घाबरत होती. मी डोळ्यांना न दिसणारं शोधायला निघाले होते, आणि हे माझ्या समोर उभं होतं.

मी हात खाली घेतला, लॅपटॉप मांडीवर ओढला आणि माझा मेल उघडला. कालचं उत्तर तसंच पडून होतं. ते पुसलं आणि लिहिलं, 'आपला प्रश्न योग्य आहे. गुरुवारी रेघ दिसत नाही. ती शेजारच्या कारखान्यातील विजेच्या भट्टीमुळे येते. हे आमची विद्यार्थिनी वर्षाली हिने तीन महिन्यांपूर्वी शोधले, व दोन वर्षांपूर्वी, रेघ प्रथम दिसली तेव्हाच, निमिष या विद्यार्थ्याने ही शंका घेतली होती. चूक माझी आहे. निबंध मागे घेत आहे.' लिहून मी पडदा तिच्याकडे फिरवला.

"वाच. काही चुकलं असेल तर सांग."

तिने वाचलं. एकदा, मग दुसऱ्यांदा. तिचे ओठ हलत होते. मी श्वास धरून बसले होते, खोटं कशाला सांगू.

"मॅडम," ती म्हणाली, आणि थांबली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "शंका नाही लिहायचं. त्याने विचारलं होतं. प्रश्न लिहा."

मी 'शंका' खोडलं आणि 'प्रश्न' लिहिलं. मग पाठवलं.

फोन अजून चालूच होता. आम्ही दोघी विसरलो होतो.

"हॅलो? हॅलो, मॅडम?" नवनाथ ओरडून विचारत होते. "झालं का माझ्या पोरीचं काम?"

वर्षालीने तोंडावर हात दाबून धरला.

"झालं, नवनाथराव," मी म्हटलं. "लावा तुमची भट्टी."